डाग दिसतो तिथे कोळी नसतो

शहाळ्याच्या गाडीवर तो डाग तुम्ही पाहिला असणार. देठाजवळून सुरू होऊन खाली उतरणारा, तपकिरी, वाळलेल्या चिखलासारखा भेगाळलेला. गिऱ्हाईक तसं शहाळं बाजूला सारतं आणि हिरवंगार, गुळगुळीत मागतं. गाडीवालाही वाद घालत नाही. बाजूला सारलेल्या त्या नारळाचं पुढे काय होतं, हा प्रश्न कोणाला पडत नाही.

मला उत्तर माहीत आहे, कारण आमच्याकडे ते नारळ घरातच राहायचे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे आमचं गाव. घरामागे नऊ माड आहेत, आजोबांनी लावलेले, बाणवली जातीचे. चांगले नारळ पनवेलच्या बाजारात जायचे. बारके, वेडेवाकडे, डागाळलेले घरात उरायचे. चटणीत, माशाच्या कालवणात, सणाच्या करंज्यांत तेच. सातबाऱ्यावर नाव बाबांचं असलं तरी वाडी आत्याची. ती तिशीच्या आतच नवरा गमावून माहेरी परतली आणि माडांना पाणी घालण्यापासून नारळ पाडणाऱ्या काकांशी पैशांवरून घासाघीस करण्यापर्यंत सगळं तिने अंगावर घेतलं. चांगला नारळ घरात फोडलेला तिला चालायचा नाही. "तो विकायचा, बाय. आपल्याला काय, खोबरं आतून सारखंच."

हा लेख त्या डागाबद्दल आहे आणि आत्याच्या कॅन्सरबद्दल. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण आत्याला तो वाटला, शेजारणींना वाटला, आणि त्यापायी ती बरेच दिवस स्वतःलाच कोसत राहिली. म्हणून दोन्ही गोष्टी नीट उलगडून सांगायच्या आहेत.

आधी नारळ.

डाग पाडणारा जीव कीटक नाही, कोळी आहे. शेतीच्या भाषेत इरिओफिड कोळी, शास्त्रीय नाव असेरिया ग्वेरेरोनिस. आमच्या भागात कोळी म्हटलं की कोळीवाडा आणि मासळीबाजार आठवतो, त्यामुळे कृषी सहायकांनी पहिल्यांदा हा शब्द उच्चारला तेव्हा आत्या खो खो हसली होती. "कोळ्यांनी आमच्या नारळाचं काय घोडं मारलंय?"

हा कोळी जेमतेम पाव मिलिमीटर लांब असतो. साध्या डोळ्यांना दिसत नाही. इतर कोळ्यांना आठ पाय असतात, याला चारच. पांढरट, लांबुळका, अळीसारखा. मेक्सिकोतल्या ग्वेरेरो राज्यात सापडलेल्या नमुन्यांवरून कीफर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून नावात ग्वेरेरो. भारतात त्याची पहिली नोंद १९९८ सालची, केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यातली. पुढच्या काही वर्षांत तो तमिळनाडू, कर्नाटक करत कोकणात पोचला. वाऱ्यावर उडत जातो, एका माडावरून दुसऱ्या माडावर. त्याला अडवायला कुंपण नाही.

आता त्याची खरी गंमत. नारळाला देठाजवळ एक टोपी असते, एकावर एक बसलेल्या जाड पाकळ्यांची. तिच्या आड फळाचा सगळ्यात कोवळा भाग असतो. नारळ तिथूनच वाढतो, नवीन साल तिथेच तयार होते. फळ धरल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांतच कोळी टोपीखाली शिरतात आणि त्या कोवळ्या भागातला रस शोषू लागतात. एक मादी शंभरेक अंडी घालते आणि अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बोंडाएवढ्या फळाच्या टोपीखाली हजारोंची वस्ती होते आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

मग फळ वाढतं. टोपीखाली ओरबाडली गेलेली साल वाढीबरोबर खाली सरकत उजेडात येते. आधी फिकट पिवळट त्रिकोण दिसतो, नंतर तो तपकिरी होतो, भेगाळतो, कधी त्यातून डिंक गळतो. फळ एका बाजूने आखडतं. सोडण इतकं घट्ट बसतं की सोलताना हात भरून येतात. नारळ तयार व्हायला साधारण वर्ष लागतं. म्हणजे आज उतरवलेल्या नारळावरचा डाग हा आठ-दहा महिन्यांपूर्वीच्या जखमेचा वण असतो.

मी बारावीत होते तेव्हा कृषी सहायक वाडीत आले होते. आत्याने सगळ्यात कुरूप नारळ निवडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी टोपी सोलली, भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "यात आता फारसं काही नाही." मग पाडणाऱ्या काकांना वर चढवून दोन-तीन महिन्यांचं, बाहेरून अगदी स्वच्छ दिसणारं बोंड काढायला लावलं. त्याची टोपी उघडून भिंग माझ्या हातात दिलं. आत पांढरी भुकटी सांडल्यासारखं दिसत होतं आणि ती भुकटी हलत होती.

"डाग दिसतो तिथे कोळी नसतो," ते म्हणाले. "तो केव्हाच पुढच्या घडात गेलेला असतो."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढे कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

*

२०१३ साली आत्या ५१ वर्षांची होती. तिच्या डाव्या स्तनाचा एक भाग जाड लागायला लागला. गाठ नव्हती. गाठ असती तर ती कदाचित लवकर घाबरली असती. टीव्हीवर, पोस्टरवर, आशाताईंच्या बैठकीत सगळीकडे गाठच सांगतात. तिला जे जाणवत होतं त्याला धड नाव नव्हतं. "कणीक तिंबून ठेवली की घट्ट होते ना, तसं," असं तिने माझ्या आईला सांगितलं. मॅमोग्राफीतही ते नीट दिसलं नाही. सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढला, तेव्हा कळलं. रिपोर्टवर लिहिलं होतं : इन्व्हेजिव्ह लोब्युलर कार्सिनोमा.

त्या तीन शब्दांतला मधला शब्द आमच्यापैकी कोणी वाचला नाही. सगळ्यांनी 'कार्सिनोमा' वाचला आणि पुढचं ऐकू येणं बंद झालं.

ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. नंतर पाच वर्षं रोज एक हार्मोनची गोळी. केस परत आले. आत्या पुन्हा वाडीत जाऊ लागली. पाच वर्षं पूर्ण झाली तेव्हा आईने सत्यनारायण घातला. आमच्या घरात त्या आजाराचं नाव घेणं बंद झालं. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईने कपाटात साड्यांखाली ठेवली. आत्याच्या लेखी तो विषय मिटला होता. गावात तर तिने ऑपरेशन "पोटाचं" म्हणूनच सांगितलं होतं.

२०२२ च्या पावसाळ्यात तिचं जेवण कमी झालं. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटायचं. आधी उपास, मग अजीर्ण, मग वय, अशी कारणं निघत गेली. जवळच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. महिन्याने गोळ्या बदलल्या. वजन उतरत गेलं. दुर्बिणीने पोट तपासलं, तर आतलं अस्तर जवळपास ठीक, थोडी सूज. पुन्हा गोळ्या. चार महिने असे गेले. त्या चार महिन्यांत तिला कोणीही विचारलं नाही, की याआधी काही मोठा आजार झाला होता का. तिनेही आपण होऊन सांगितलं नाही. पोटाच्या डॉक्टरांना छातीचं कशाला सांगायचं, असा तिचा सरळ हिशेब होता. तुमच्या-माझ्या घरातली कोणतीही बाई असाच हिशेब करेल.

दुसऱ्यांदा दुर्बीण घातली तेव्हा जठराची भिंत ताठ झालेली दिसली आणि जरा खोलवरचे तुकडे काढले. रिपोर्ट आला : जठराचा कॅन्सर, सिग्नेट रिंग प्रकारच्या पेशी. सिग्नेट रिंग म्हणजे शिक्का असलेली अंगठी. सूक्ष्मदर्शकात त्या पेशी तशा दिसतात. जठर काढून टाकायचं ऑपरेशन ठरत आलं होतं.

दुसरं मत घ्यायला आम्ही एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी तपासायला म्हणून आत्याला झोपवलं, पदर बाजूला केला आणि विचारलं, "मावशी, हे कधीचं?"

आत्या गप्प. आई म्हणाली, "वन्सं, सांगा ना." मग आईनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी साड्यांखालची पिशवी घेऊन आम्ही परत गेलो. डॉक्टर बाईंनी ती फाइल शेवटच्या पानापासून उलटी वाचत नेली आणि त्या मधल्या शब्दावर थांबल्या. लोब्युलर.

*

स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरतो तेव्हा त्याच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या असतात : हाडं, फुप्फुसं, यकृत, मेंदू. डॉक्टर तिथेच आधी शोधतात आणि बहुतेक वेळा तिथेच सापडतो. असं का, हा प्रश्न जुना आहे. १८८९ साली लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. पेशी रक्तातून वाहत जाऊन कुठेही अडकत असत्या, तर भरपूर रक्त मिळणाऱ्या प्लीहेतही यकृताइतक्याच गाठी सापडायला हव्या होत्या. तसं नव्हतं. पॅजेट यांनी मांडलं, की रोपाचं बी चहूकडे उडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. बी आणि जमीन. वैद्यकात ही कल्पना आजही त्याच नावाने चालते. कोकणातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

लोब्युलर प्रकाराचं बी वेगळं आहे. जगभरात स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १० ते १५ टक्के या प्रकारचे असतात. आपल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनामुळे. विटांमधलं सिमेंटच म्हणा. लोब्युलर कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हे सिमेंटच गेलेलं असतं. पेशी एकत्र येऊन गोळा बनवत नाहीत. त्या सुट्या होतात आणि मुंग्यांसारख्या एकामागे एक रांगेने मांसातून सरकत जातात. म्हणून गाठ लागत नाही, घट्टपणा लागतो. म्हणून मॅमोग्राफीलाही हा प्रकार इतरांपेक्षा जास्त वेळा चकवतो.

आणि या सुट्या पेशींना मानवणारी जमीनही जरा निराळी. हाडांत, यकृतात त्या जातातच, पण त्याखेरीज जठर, आतडी, पोटाच्या आतलं अस्तर, अंडाशय, क्वचित डोळ्याची खोबण, अशा अनपेक्षित जागीही रुजतात. तिथेही त्यांची चाल तीच. जठराच्या आतल्या अस्तराला फारसं न दुखवता त्या भिंतीच्या खालच्या थरांतून पसरतात. दुर्बीण अस्तर बघते. अस्तर ठीक दिसतं. टोपीखाली काय चाललंय ते बाहेरून कळत नाही.

त्यात आणखी एक गुंता. जठराच्या स्वतःच्या कॅन्सरचा एक प्रकार सूक्ष्मदर्शकात अगदी असाच दिसतो, कारण तिथेही बऱ्याचदा हेच सिमेंट गेलेलं असतं. १९९८ साली, म्हणजे कोळी केरळात सापडला त्याच वर्षी, न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून कळलं, की ई-कॅडहेरिनचा जीन जन्मतःच बिघडलेला असेल तर जठराचा हा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या चालतो. अशा घरांतल्या स्त्रियांना स्तनाच्या लोब्युलर कॅन्सरचाही धोका जास्त असतो. हे वाचलं त्या रात्री मी आमच्या घरातल्या सगळ्या मेलेल्या माणसांची कारणं मोजत जागी होते. डॉक्टर बाईंनी नंतर शांतपणे विचारपूस केली. घराण्यात असं दुसरं कोणी नाही. लोब्युलर कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हा बिघाड फक्त त्या गाठीच्या पेशींत झालेला असतो, जन्मतः आलेला नसतो, असं त्यांनी समजावलं. तेव्हा कुठे मी नीट झोपले.

तर सूक्ष्मदर्शकातली अंगठी पाहून पॅथॉलॉजिस्टला कसं कळणार, की ही जठराची की स्तनाची? त्यासाठी वेगळे रंग वापरून चाचण्या कराव्या लागतात : हार्मोनचे रिसेप्टर आहेत का, गाटा-३ नावाचं प्रथिन आहे का. पण या चाचण्या मागवायला आधी कोणाला तरी शंका यावी लागते. शंका येण्यासाठी जुना आजार माहीत असावा लागतो. आत्याच्या जठरातल्या तुकड्यावर त्या चाचण्या केल्या. २०१३ चा मेणाचा ठोकळा जुन्या रुग्णालयातून मिळवला आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. नऊ वर्षांनी जठरात सापडलेल्या पेशी त्याच होत्या.

नावावरून उपचार बदलतो. जठर काढायचं ऑपरेशन रद्द झालं. ते करून काही साधणार नव्हतं. पुन्हा हार्मोनवरची गोळी सुरू झाली, नव्या प्रकारची, आणि जोडीला पेशींचं विभाजन रोखणारी पाल्बोसिक्लिब. तिचा खर्च ऐकून बाबांनी एक माडाची पट्टी विकायची भाषा सुरू केली होती. योग असा, की जानेवारी २०२३ मध्ये त्या औषधाचं पेटंट भारतात संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत खूप उतरली. माड राहिले.

*

गोळ्या चालू झाल्यावर महिनाभराने आत्या मला म्हणाली, "खरं सांग, त्या नारळांनी झालं ना हे?"

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू बाहेर आलं. समाचाराला आलेल्या कोणीतरी म्हटलं होतं, की इतकी वर्षं किडके नारळ खाल्ले, पोटात जाणारच. दुसरीने त्याला जोड दिली होती, की कॅन्सर म्हणजे तरी काय, कीडच ती. माडाला लागली, मग माणसाला. आत्या रात्रभर हिशेब करत पडायची. चांगले नारळ विकले, डागाळलेले घरात आणले, स्वतः खाल्ले आणि आम्हालाही खायला घातले. स्वतःपेक्षा आमच्याबद्दलची भीती तिला जास्त खात होती.

म्हणून स्वच्छ सांगते. हा कोळी नारळाच्या सालीवर जगतो. सोडण, करवंटी ओलांडून तो आत खोबऱ्यात जात नाही. डागाळलेल्या नारळात खोबरं कमी भरतं, पाणी कमी निघतं, पण ते खाण्यापिण्याजोगंच असतं. हा कोळी वनस्पतीवर जगणारा जीव आहे. माणसाच्या शरीरात त्याचं काही चालत नाही. नुकसान होतं ते बागायतदाराच्या खिशाचं.

मग औषध फवारणीचं काय, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. सुरुवातीच्या वर्षांत या कोळ्यावर डायकोफॉल, मोनोक्रोटोफॉस अशी जहाल रसायनं वापरली गेली. नंतर शिफारस कडुनिंबाकडे वळली : लिटरभर पाण्यात २० मिली कडुनिंबाचं तेल, २० ग्रॅम वाटलेला लसूण आणि ५ ग्रॅम साबण, आणि फवारा कोवळ्या घडांवर. आमच्या वाडीत फवारलं गेलं ते एवढंच. त्या दिवशी घरभर लसणाचा वास सुटायचा आणि आई म्हणायची, आज माडाला फोडणी दिली.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना, म्हणून दुसऱ्या बाजूने गेले. विचारलं, "माडाला कोळी लागला तेव्हा तू माडाला काय म्हणालीस? तुझंच काहीतरी चुकलं असणार, असं म्हणालीस?"

"माडाला कशाला म्हणू? वाऱ्याने आला तो."

"मग?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या तर आतूनच आलं ना पण."

इथे माझी उपमा संपली आणि ती बरोबर होती. कोळी बाहेरून येतो. कॅन्सरच्या पेशी आपल्याच असतात. म्हणूनच त्यांना ओळखणं आणि मारणं इतकं अवघड आहे. पण आतून आलं म्हणजे आपण आणलं, असं होत नाही. कीड हा शब्द आपण दोन्हींना सहज लावतो आणि त्यात एक न बोललेला आरोप मिसळतो : साठवण नीट नसली की धान्याला कीड लागते, म्हणजे हिचंही काही नीट नसणार. पेशी दुभंगताना जीनमध्ये चूक होते, बहुतेकदा नशिबाने, आणि ती सुटून जाते. आत्याच्या हातून काहीही घडलेलं नाही.

*

भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे अंदाजे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण सापडले. आपल्याकडच्या बायकांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. तो लवकर सापडावा म्हणून मुंबईत एक मोठं काम झालं आहे. १९९८ पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षं मागोवा घेतला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, फक्त हातांनी स्तन तपासले. यंत्र नाही. २०२१ साली निष्कर्ष आले. तपासलेल्या बायकांत आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही. तरीही शिकलेल्या हातांची ताकद यातून कळते.

पण हे सगळं पहिल्या वेळेचं झालं. एकदा होऊन गेलेल्या बाईबद्दल आपण फार कमी बोलतो. पाच वर्षं झाली की सुटली, हा समज पक्का आहे. २०१७ साली ८८ चाचण्यांमधल्या ६२,९२३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. सगळ्यांचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा, सगळ्यांनी पाच वर्षं गोळ्या घेतलेल्या आणि तोवर ठणठणीत. तरी पुढची पंधरा वर्षं, म्हणजे निदानापासून वीस वर्षांपर्यंत, तो दुसरीकडे उगवण्याचं प्रमाण थांबलं नाही; दरवर्षी थोडं थोडं चालूच राहिलं. सुरुवातीची गाठ किती मोठी होती, काखेत किती पोचला होता, यावर ते प्रमाण कमीजास्त. बहुतेकींना तो पुन्हा त्रास देत नाही, हेही तितकंच खरं. प्रत्येक ॲसिडिटीत कॅन्सर शोधत बसलं तर जगणं अशक्य होईल.

मग करायचं काय? जुना आजार बोलायचा. दुखण्याची जागा कोणतीही असो, डॉक्टर कोणतेही असोत, पहिलं वाक्य ठरलेलं असू द्या : मला अमुक साली स्तनाचा कॅन्सर झाला होता, अमुक प्रकारचा. पोट, पाठ, डोळा, काहीही असलं तरी. नव्याने कुठे तुकडा काढला तर जुन्याशी ताडून पाहायला सांगा. आणि प्रकार माहीत करून घ्या. घरात कोणाला झाला असेल तर फाइल काढा आणि तो मधला शब्द वाचा.

आमच्या घरापासून खारघर लांब नाही. पनवेलहून गाडीत बसलं की तिसरं स्टेशन. तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे, देशातल्या मोठ्या कॅन्सर संशोधन केंद्रांपैकी एक. इतक्या जवळ एवढं ज्ञान असून आमच्या घरातली चार महिन्यांची माहिती साड्यांखाली पडून होती, कारण स्तन हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नसतो. लाज आणि समजूतदारपणा या दोन्हींनी मिळून ती झाकून ठेवली होती. जगातली उत्तम दुर्बीणही ती टोपी उघडू शकत नाही. ती आपल्यालाच उघडावी लागते.

आत्या आहे. बरी झाली असं मी म्हणत नाही, कारण हा आजार आता जाणार नाही. तो गोळ्यांनी आवरून धरलेला आहे. किती दिवस, हे कोणी सांगत नाही आणि तीही विचारत नाही. थोडं थोडं चार वेळा खाते. वाडीत जाते. नारळ पाडणारे काका आले की खाली उभी राहून त्यांना ओरडून सांगते, की तयार नारळांवरचे डाग मोजत बसू नका, कोवळे घड बघा.

फाइल आता साड्यांखाली नाही. पहिल्या पानावर आईने जाड पेनाने, मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे : २०१३, डावा स्तन, लोब्युलर. मागच्या महिन्यात आत्याला चष्म्याचा नंबर काढायला नेलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारायच्या आधीच तिने ती तिन्ही उत्तरं दिली, पदर सावरत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.